चंपतची सीट कोण उतरवतं?

"ललिता, सायकलीले कोनं हात लावला?"

"सायकल का नवी नवरी हाय, हात लावाले?"

ललितानं शेगडीवरची मान वर केली नाही. धूर खोलीतून बाहेर येत होता आणि चंपत मेश्राम दाराबाहेर उकिडवा बसून सायकलीच्या सीटखाली डोकं घालून बघत होता. अजून नीट फटफटलं नव्हतं. कॅम्प एकमधल्या खोल्यांच्या रांगेत कोणी खाकरत होतं, कोणी बादली आपटत होतं. दूर कारखान्याच्या अंगाला आभाळ तांबडं दिसत होतं. ते सूर्याचं नव्हे, भट्टीचं.

"सीटचा नट फिरला हाय."

"फिरला असंल."

"नट आपोआप फिरते का?"

"मंग मीच फिरवला असंल झोपेत उठून. आता चहा घेता का नट चाटता?"

काल पहाटे चंपतनं नटावरून खालच्या कड्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. अर्धी नटावर, अर्धी कड्यावर. आज त्या दोन अर्ध्यांची तोंडं एकमेकींना मिळत नव्हती. मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट. सीटच्या दांडीवर त्यानं कानसीनं एक खाच पाडलेली होती, दोन वर्षांपूर्वी, पायाला अगदी नेमकी बसेल अशी उंची सापडली तेव्हा. ती खाच आता कड्याच्या आत गेली होती. म्हणजे सीट बोटभर खाली. कोणीतरी नट सोडला, सीट दाबली आणि नट पुन्हा कसला. चोराला सायकल नको होती. नुसती सीट खाली करायची होती.

कसला चोर हा?

चंपत रिगर होता, उंचावर लोखंडी सांगाडे जोडणारा. सत्तावन साली, दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, पवनीकडच्या गावातून वळकटी आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन तो भिलाईत उतरला, तेव्हा इथं खड्डे होते आणि खड्ड्यांभोवती माणसं होती. आधी त्यानं दोर ओढले. मग वर चढला. तीन वर्षांत शंभर फुटांवरच्या तुळईवरून तो असा चालायचा, की खालचे रशियन इंजिनियर टोपी हातात घेऊन वर बघत.

वर काम जोडीनं चाले. पुढचा गडी भोकात बोल्ट घाली, नट बोटांनी फिरेल तेवढा फिरवी आणि पुढच्या भोकाकडे सरके. मागचा गडी पान्यानं नट कसे, आणि कसून झाला की त्यावर पांढरी रेघ ओढे. नट पुढं कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. पुढच्यानं मात्र मागं वळून बघायचं नाही. तेवढ्या उंचीवर मागं वळणारा खाली जातो. चंपत नेहमी पुढचा. मागचा देवाजी रामटेके, त्याच रांगेत तीन दारं सोडून राहणारा. पाच वर्षं दोघांची जोडी.

ही जोडी गेल्या जानेवारीत मोडली.

दर फेब्रुवारीत बांधकामवाल्यांचा खेळमेळा भरे. त्यात सायकलींची शर्यत. प्रत्येक विभागाचे तीन गडी, आणि तिघांची नावं कर्ण्यावरून पुकारली जात. त्या वर्षी यादीत चंपतचं नाव पहिलं होतं. मेळ्याला आठ दिवस उरले असताना तो कुम्हारीहून भरधाव परत येत होता. एका उतारावर पुढचं चाक चिमट्यातून निसटलं. चंपतला शेवटचं आठवतं ते एवढंच, की आपलं चाक आपल्याच पुढं पळतंय आणि आपण त्याच्याकडे बघतोय. डावी मांडी मोडली. चार महिने प्लास्टर, दोन महिने काठी, आणि नंतर टूल स्टोअरमध्ये स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या हातात पाने देण्याचं हलकं काम.

त्याच्या जागी शर्यतीत कोण गेलं? देवाजी.

आणि पडण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून पंक्चर काढलं, चाक परत बसवलं, तेव्हा पाना कोणाच्या हातात होता? देवाजीच्या.

चंपतनं हे कोणाला बोलून दाखवलं नाही. मनात मात्र त्यानं खटला चालवला, साक्षी घेतल्या आणि निकालही लिहून ठेवला. संशय घ्यायला तो भिलाईत शिकला नव्हता. चौदाव्या वर्षी गावच्या जत्रेत तो पळण्यात पहिला आला होता. पंचांनी टोपी आणि नारळ दिला दुसऱ्या आलेल्या पाटलाच्या पोराला, आणि याला म्हणाले, तू सीमेच्या अलीकडंच थांबला होता. त्यानंतर कोणी पाठीवर हात ठेवला तरी चंपत आधी तो हात बघे, मग माणूस.

यंदा मेळ्याच्या यादीत पुन्हा नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं. तो टाइम ऑफिसात गेला. तिथले बाबू श्यामराव देशकर मेळ्याचे सचिव. नागपूरचे, तोंडात कायम पान.

"श्यामरावबाबू, यंदा माह्यं नाव?"

"मेश्राम, आधी तंगडी सांभाळ." श्यामरावांनी पान गालात सरकवलं. "ट्रायल ठेवली आहे. जानेवारीचा पहिला रविवार. सुपेला ते कुम्हारी आणि परत. आठ जण आहेत, पहिले तीन घेणार. त्यात आलास तर लिहीन, नाही आलास तर नाही. यात माझं काय जातं?"

यात माझं काय जातं. चंपत दिवसभर ते वाक्य चघळत राहिला. ज्याचं काही जात नाही, तो तसं बोलून कशाला दाखवेल?

तयारीचे पहिले दोन महिने त्यानं दारातच काढले होते. सायकल विटांवर चढवायची, मागचं चाक अधांतरी ठेवायचं आणि पायडल मारायचे. समोरच्या खोलीत गिरजाबाई राहायची. भंडाऱ्याकडची विधवा म्हातारी, दिवसभर सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळायची. ती रोज विचारी, "का गा चंपत, किती कोस झाले? दुरुग आलं का?"

"आलं बाई. चहा पिऊन वापस निघालो."

"मंग माह्यासाठी तिथून तमाखू आनाची होती नं!"

डिसेंबर लागताच त्यानं विटा काढल्या आणि सायकल रस्त्यावर घेतली. पहिल्या दिवशी वारा तोंडावर आला तर डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. विटांवर सायकल हलत नाही, रस्त्यावर ती जिवंत असते, हे तो विसरला होता. गिट्टीचे ट्रक कानाला घासून जात. पॉवर हाऊसपर्यंत गेला आणि परतला. चार दिवसांनी चरोद्यापर्यंत. परतताना, जिथं पडला होता त्या उतारापाशी पोचला, आणि तिथं उतरून, सायकल हातात धरून वीस पावलं चालत गेला. शेतात धान कापणाऱ्या दोन बाया त्याच्याकडे बघून हसल्या. या का हसल्या? यांना कोणी सांगितलं?

कुम्हारीपर्यंत मजल गेली, पण चरोद्याच्या पुढं कंबर धरायची. डाव्या जांघेत कळ निघायची, पायडल खाली गेला की टाच सुटायची आणि नुसता अंगठा टेकायचा. परत येऊन तो आडवा पडे. आणि नेमक्या त्याच दिवसांत नटावरची रेघ तुटू लागली. त्यानं सीट खाचेपर्यंत वर घेतली, नट कसला, नवी रेघ ओढली. दोन दिवसांनी सीट पुन्हा बोटभर खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

चंपतला सगळं लख्ख दिसलं. कंबर कशानं धरते? सीट हलते म्हणून. सीट कोण हलवतं? ज्याला त्या पहिल्या तिघांत आपण नको आहोत तो.

त्याच संध्याकाळी देवाजी आला. दारात उभा राहिला, आत आला नाही.

"चंपत, सकाळी मी येऊ का संगं? एकटाच जाऊन राहिला तू."

"कावून? पडलो त उचलाले?"

"हाव."

"आन नाही पडलो त?"

"नाही पडला त संगं वापस येऊ. त्यात काय?"

"तूबी ट्रायलमधी हाय न बे? तुह्यी तयारी तू कर."

जाता जाता देवाजीनं सायकलीच्या सीटकडं बघितलं. उडतं बघणं नव्हे, नीट, डोळे बारीक करून. चंपतनं ते बघणं बघितलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याला नळाशी ललिता आणि देवाजी दिसले. ललिता हात हलवून काहीतरी सांगत होती, देवाजी मान डोलवत होता. चंपत जवळ येताच दोघं गप्प.

"काय बोलून राहिले होते?" त्यानं घरी आल्यावर विचारलं.

"नळाची गोष्ट. धार बारीक झाली हाय म्हनलं."

"देवाजी का नळवाला हाय?"

ललितानं हंडा खाली ठेवला. कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघितलं. "तुमी एक काम करा. माह्या तोंडावरबी पांढरी रेघ मारून ठेवा. बोलली का तुटंल. मंग तुमाले समजन."

ती हसली नाही. चंपतही हसला नाही. आता त्याला घरातलीच भिंत पोकळ वाजल्यासारखी वाटली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. इस्पितळात चार महिने हिनं रोज दोन मैल चालत डबा आणला होता. आणि तरीही.

गुरुवारी त्याची सुट्टी होती. घरी त्यानं ते सांगितलं नाही. डबा घेतला, कामावर नेणाऱ्या ट्रकच्या थांब्यापर्यंत गेला, ट्रक जाऊ दिला आणि मागच्या गल्लीतून वळसा घालून गिरजाबाईच्या खोलीत शिरला. दाराला गोणपाट लावलेलं होतं. त्याच्या फटीतून आपलं दार समोर दिसत होतं, आणि दाराशी टेकलेली सायकल.

"का गा?" गिरजाबाईनं सुपातून मान वर केली. "घर चुकला?"

"हळू बोल बाई. चोर पकडून राहिलो."

"काय चोरून राहिला तो?"

"सीट खाली करते."

गिरजाबाईनं हातातली विडी अर्धी वळून थांबवली. "आन मंग घेऊन जाते?"

"नाही. तठीच ठेवते."

"बापा! असा चोर मी पायला नाही. बस. डबा हाय न? खाऊन घे, चोर काही उपाशीपोटी पकडल्या जात नाही."

चंपत बसला. तास गेला, दुसरा गेला. ललितानं भांडी घासली, धुणं वाळत टाकलं. त्यात त्याचा पायजमा होता. तो तिनं दोनदा झटकला, एका पायाचा खालचा काठ बोटांत धरून उन्हाकडं करून बघितला आणि मग दोरीवर टाकला. हेही चंपतनं टिपून ठेवलं. पायजम्यात काय बघते ही?

उन्हं डोक्यावर आली. गिरजाबाई पेंगायला लागली. आणि तेव्हा देवाजी आला. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घरी. खिशातून त्यानं पाना काढला. ललितानं रस्त्याकडं दोन्ही बाजूंनी बघून घेतलं आणि सायकलीचा दांडा धरला. देवाजीनं नट सोडला. ललितानं सीटवर दोन्ही हात ठेवून भार दिला. सीट खाली गेली.

"बस का?" देवाजीचा आवाज.

"आनखीन थोडी. बोटभर तरी पायजे."

चंपत गोणपाटासकट बाहेर आला.

"करा! आनखीन करा! जमिनीले टेकवा!"

देवाजीच्या हातातून पाना पडला. ललिता मात्र जागची हलली नाही. हात सीटवर तसेच. आजूबाजूच्या दोन दारांतून बाया डोकावल्या.

"गेल्या वर्षी चाक, आन यंदा सीट!" चंपत ओरडला. "आन हे, हे माह्यी बायको, दांडा धरून उभी हाय!"

"धरला." ललिता म्हणाली. "चार बार धरला. मंग?"

"लाज नाही वाटत?"

"वाटते. तुमच्यासारख्याले तोंडावर सांगाची हिंमत नाही झाली, त्याची वाटते." तिनं दोरीवरचा ओला पायजमा ओढून काढला आणि त्याच्यापुढं धरला. "पाहा. डाव्या पायाचा काठ. चिखल रगडून रगडून विरून गेला हाय. आन हा उजवा, कोरा. चार महिन्यांपासून धुऊन राहिली मी. दोनी पाय एकाच मापाचे शिवले हायेत. पायजमा तोकडा नाही झाला, पाय तोकडा झाला तुमचा. अंगठ्याएवढा."

चंपतनं पायजम्याकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं. मग गल्लीतल्या बायांकडं, त्या आत गेल्या.

"खोटं."

"मांगून पाह्य एकदा सोताले." देवाजी हळूच म्हणाला. "म्हंजे तुले नाही दिसनार, मले दिसते. सीटवर तू इकडून तिकडं झुलून राहिला चंपत, एका अंगानं. डावा पाय पुरत नाही म्हनून. कंबर त्याच्यानं धरते. सीट बोटभर खाली पायजे तुले. तू घरी आला का पुन्हा खाचेवर चढवते."

"खाच बरोबर हाय! मी सोता पाडली."

"खाच बरोबरच हाय बे. पाय कुठी तो राहिला?"

लोखंडावरच्या खुणेपेक्षा माणूस खोटा असतो, हे चंपतनं आयुष्यभर धरून ठेवलं होतं. मांडीतली कळ रोज काहीतरी सांगत होती, आणि तो रोज खाच बघत होता.

"मले कावून नाही सांगतलं?" त्यानं ललिताला विचारलं.

"सांगतलं असतं त काय म्हनले असते? तूबी देवाजीले जाऊन मिळाली, असंच न?"

हे खरं होतं. त्यामुळं चंपतनं दुसरी बाजू धरली.

"सीटचं जाऊ दे. चाक? चाक कोनं ढिलं केलं?"

देवाजी खाली बसला. उकिडवा नाही, मातीतच, भिंतीला टेकून. "कोनंच नाही केलं ढिलं," तो म्हणाला. "कसलंच नव्हतं."

"काय म्हनून राहिला?"

"तू चाक चिमट्यात बसवलं. नट बोटानं फिरवले आन चेनले तेल घालाले मांगच्या चाकाकडं सरकला. पाना माह्या हातात. तेवढ्यात माह्यी बायको चंपा वरडली, नळ आला म्हनून. मी पाना ठेवला आन बादल्या घेऊन पळालो. वापस आलो त सायकल तू आत नेली होती. मले वाटलं तूच कसला."

"मी कावून कसन? कसनारा तू."

"मले मालूम हाय, कसनारा मी."

"मी मांगं पायलंच नाही."

"तू कधीच पाहत नाही. पाच वर्सात एक बार नाही पायलं."

चंपतही खाली बसला. साऱ्या दुनियेवर नजर ठेवणारा माणूस तो. जत्रेतल्या पंचांपासून श्यामरावबाबूंच्या पानापर्यंत सगळ्यांची त्यानं उलटतपासणी केली होती. आणि त्या संध्याकाळी, जमिनीवर, स्वतःच्या दारात, दोन नटांकडं त्यानं ढुंकून बघितलं नव्हतं. वरची सवय खाली घेऊन आला होता. नट लावला, सरकला. मागचा बघेल.

"अकरा महिने बोलला नाही?"

"काय बोलू? तू पलंगावर, पाय टांगलेला. आन मी तुह्या जागी शर्यतीत. म्हनलं असतं, भाऊ, इसरलो, त तू मानलं असतं?"

"नसतं मानलं."

"मंग?"

देवाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. चंपतनं ते पाणीही थोडा वेळ तपासून बघितलं. मग तो उठला आणि गिरजाबाईच्या दाराशी गेला. ती आता चांगली जागी होती, विडी ओढत होती.

"गिरजाबाई, गेल्या जानेवारीत, मी पडलो त्याच्या आदल्या सांजेले, नळ आला होता का?"

"बापू, नळ रोज सांजेले येते. नसता आला त याद राहलं असतं."



दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं सीट वर घेतली नाही. दोघांना खोटं पाडायचं म्हणूनच तो खालच्या सीटवर बसून निघाला. चरोदा गेलं. कुम्हारी आली. कंबर गप्प होती. जांघ गप्प होती. त्याला भयंकर राग आला. तळ्याकाठी उतरून त्यानं एक चहा प्यायला, आणि रागातच परतला.

पण सीट खाली गेल्यामुळं उजवा पाय आता दुमडत होता. संध्याकाळी तो डाव्या पायडलपुढं बसून राहिला. ललिता भाकरी थापता थापता बघत होती.

"आता काय झालं?"

"खांब अर्धा इंच कमी भरला त आमी काय करतो मालूम हाय? खाली पत्रा घालतो. पॅकिंग म्हंतेत त्याले. खांबाले कोनी शिव्या देत नाही."

त्यानं जुन्या टायरचे दोन तुकडे कापले, एकावर एक ठेवून डाव्या पायडलला तारेनं आवळले आणि सीट अर्ध बोट वर घेतली. दांडीवर नवी खाच पाडली. मग पाना घेऊन तीन दारं सोडून गेला.

"देवाजी, चल. कसून दे."

"तू नाही कसला?"

"कसला हाय. तू पुन्हा कस. आन मी उभा राहून पाहनार हाय."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुपेल्याच्या चौकात श्यामराव देशकर टेबल-खुर्ची टाकून बसले होते. पुढं वही, पेन आणि शिटी. गळ्याभोवती मफलर. आठ सायकली ओळीत उभ्या राहिल्या. श्यामरावांनी चंपतच्या डाव्या पायडलकडं बोट केलं.

"हे काय लावलंस, मेश्राम?"

"पॅकिंग हाय बाबूजी. नियमात नाही का?"

"नियमात पायडलबद्दल काही नाही. चल, उभा राहा."

शिटी वाजली. पॉवर हाऊसपर्यंत सगळे घोळक्यात होते. भिलाई तीनच्या पुढं दोन जण सुटले आणि दिसेनासे झाले. ते तरणे गडी होते, त्यांचं कोणी काही करू शकलं नसतं. कुम्हारीला वळसा घेतला तेव्हा चंपत पाचवा होता. चरोद्याला चौथा. पुढं देवाजी. म्हणजे तिसरी जागा आता या दोघांतच होती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या उताराला चंपतचे हात आपोआप ब्रेकवर गेले. देवाजी तिथं पन्नास हात पुढं निघून गेला. चंपतनं दात चावले, हात काढले आणि सायकल सोडली. पुढचं चाक थरथरलं, पण जागेवर राहिलं. खुर्सीपारला अंतर वीस हात झालं. पॉवर हाऊसला दहा. सुपेल्याचा चौक दिसला तेव्हा दोघांची हँडलं लागू लागली होती. मांडी पेटली होती, तोंडात तांब्याची चव आली होती. शेवटच्या शंभर हातांत चंपतला बाजूनं एक आवाज आला. टिक् टिक् टिक् टिक्. पायडल थांबले की मागच्या चाकातलं फ्रीव्हील वाजतं, तो आवाज. मग शर्यतीची शेवटची रेघ मागं गेली. चंपत अर्ध्या चाकानं पुढं होता.

"तिसरा मेश्राम!" श्यामरावांनी पेन उघडलं.

चंपत सायकलीवरून उतरला, पडता पडता सावरला आणि देवाजीपुढं जाऊन उभा राहिला.

"तू पायडल थांबवले."

देवाजी हँडलवर ओणवा होऊन श्वास घेत होता. "नाही थांबवले."

"मी फ्रीव्हील ऐकलं. टिक् टिक् टिक्. तू मले मुद्दाम पुढं सोडलं."

"पाय थांबले बे. मी नाही थांबवले. दम भरला."

"शपथ घे."

"काहाची शपथ घेऊ?" देवाजी एकदम उसळला. "तू हारला असता त म्हनला असता, देवाजीनं नट ढिला केला. आता जितला त म्हनते, देवाजीनं सोडलं. तुह्यासाठी मी करू तरी काय, सांग न! मरू?"

टेबलाभोवतीची माणसं हसली. श्यामरावांनी पेनचं टोक वहीवर ठोकलं.

"मेश्राम, लिहू का? की तुमची जुगलबंदी आटपेपर्यंत शाई वाळू देऊ?"

चंपतनं देवाजीकडं बघितलं. घाम मानेवरून बनियनमध्ये उतरत होता. पिंढऱ्या थरथरत होत्या. माणसाला पिंढऱ्या मुद्दाम थरथरवता येतात का? येतही असतील. त्याला ते कळायला काही मार्ग नव्हता. म्हणावं का, ट्रायल पुन्हा घ्या? तो शब्द जिभेवर आलाही होता. पण पेन थांबलेलं होतं, आणि त्याला ती जागा हवी होती. अकरा महिने, पलंगावर, काठीवर, विटांवर, त्याला तीच हवी होती.

"लिवा," तो म्हणाला.

श्यामरावांनी लिहिलं. चंपतनं टेबलावर वाकून आपलं नाव अक्षर अन् अक्षर वाचलं. मग सायकल घेऊन देवाजीच्या शेजारी आला.

"उद्या पाचले निघू. कुम्हारी."

"मी कावून? माह्यं नाव कुठी हाय यादीत?"

"म्हनूनच त. आता मले सोडाचं तुले काही कारन नाही. उद्या पाहतो, तू खरा किती पळते तं."

देवाजीनं तोंड पुसलं. "उद्या तुले मांगं टाकलं त रडजो नको."

"टाक न," चंपत म्हणाला.